माझ्याकडे चालतं, ‘पिप इन्स्टॉल’ केलं की मोडतं: दर रिलीजला उठणारं दुखणं

लक्षण ओळखीचं आहे. रेपोमध्ये (कोड ठेवलेल्या गिटच्या फोल्डरमध्ये) चाचण्या हिरव्या, सीआय (प्रत्येक बदलावर आपोआप बांधून तपासणारी यंत्रणा) हिरवं, आवृत्तीचा टॅग लावला, पायपीआयवर, म्हणजे पायथन लायब्रऱ्यांच्या सार्वजनिक भांडारावर, नवी आवृत्ती झळकली. तासाभरात पिपने ती उतरवून घेणाऱ्याचा पहिला इश्यू (तक्रार) येतो: ‘इन्स्टॉल झालं, पण इम्पोर्ट होत नाही.’ आपण आपल्या मशीनवर बघतो, तर सगळं ठणठणीत. मग समोरच्यालाच विचारतो, पायथन कुठलं, पिप कुठलं, एन्व्हायर्नमेंट नवं करून बघितलं का. बहुतेक वेळा चूक त्याची नसते.

आमच्या लायब्ररीत हे सलग तीन रिलीजना झालं. लायब्ररी छोटीच आहे: पातळ थरांवरून होणाऱ्या प्रकाशाच्या परावर्तनाचं गणित करते, गाभा सायथनमध्ये (पायथनसारखं लिहून सीमध्ये बदलणारी भाषा), सोबत अपवर्तनांकांचे काही तक्ते. १.२ मध्ये तक्ते गेलेच नाहीत. १.३ मध्ये विंडोजवर डीएलएल (गाभ्याला लागणारी कंपाइल केलेली फाइल) सापडेना. १.४ चं अपलोडच नाकारलं गेलं आणि ते निस्तरताना मी कोंडाची (पॅकेज इन्स्टॉल करायची पिपहून वेगळी वाट) बाजू मोडून ठेवली. दर वेळी कारण वेगळं दिसलं, म्हणून दर वेळी तेवढंच ठिगळ लावलं. मी तपासत होतो रेपो आणि लोकांच्या हातात देत होतो व्हील (पिप इन्स्टॉल करतो ती बांधून तयार फाइल), हे लक्षात यायला तिसरा फटका बसावा लागला.

आधी हे बघा: तुमच्या चाचण्या नेमकं काय इम्पोर्ट करतात?

चाचण्या चालवण्याआधी पायथनमध्ये लायब्ररी इम्पोर्ट करा आणि तिचा ‘__फाइल__’ छापून बघा. वाट ‘साइट-पॅकेजेस’मध्ये (पिप जिथे इन्स्टॉल करतो ते फोल्डर) जात असेल तर ठीक. रेपोच्या फोल्डरमध्ये जात असेल, तर तुमच्या हिरव्या चाचण्यांनी व्हीलला हातसुद्धा लावलेला नाही.

होतं असं की चाचण्या चालवायला ‘पायथन -एम पायटेस्ट’ म्हटलं की चालू फोल्डर पायथनच्या इम्पोर्टच्या शोधयादीत सगळ्यात वर जातं. नुसतं ‘पायटेस्ट’ म्हटलं तरी रेपोच्या मुळाशी पायटेस्टची कॉन्फटेस्ट फाइल असली तर तोच परिणाम. त्यात आपण विकासासाठी एडिटेबल इन्स्टॉल करून ठेवलेलं असतं, ते तर सरळ रेपोकडेच बोट दाखवतं. रेपोत तक्ते आहेतच, तेव्हा चाचणीला ते सापडतातच. व्हीलमध्ये नाहीत हे कळणार कुणाला?

माझा उपाय दोन पायऱ्यांचा आहे. पॅकेज ‘एसआरसी’ फोल्डरच्या आत हलवायचं, म्हणजे ते चुकून इम्पोर्ट होत नाही. आणि सीआयमध्ये व्हील बांधून, कोऱ्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये ते इन्स्टॉल करून, चाचण्यांचं फोल्डर दुसरीकडे कॉपी करून तिथून चालवायच्या. पहिल्या पायरीला लोक कुरकुरतात, इम्पोर्ट बदलतील की काय अशी धास्ती असते. बदलत नाहीत. फक्त फाइलींचा पत्ता बदलतो.

व्हील उघडून बघा, ती झिपच असते

हे मला कुणी पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. व्हील म्हणजे नाव बदललेली झिप फाइल. एसडिस्ट, म्हणजे न बांधलेल्या मूळ कोडचं गाठोडं, ही टार फाइल. दोन्ही उघडून आतली यादी वाचायला दोन मिनिटं लागतात. १.२ ची यादी मी शेवटी उघडली तेव्हा त्यात सगळे ‘.पीवाय’ होते, कंपाइल केलेला गाभा होता, ‘डेटा’ नावाचं फोल्डर मात्र औषधालाही नव्हतं.

कारण सेटअपटूल्सच्या (पॅकेज बांधणारं साधन) नियमांत होतं. ‘मॅनिफेस्ट.इन’मधल्या ओळी आधी एसडिस्टमध्ये काय जाणार ते ठरवतात. व्हीलमध्ये काय जाणार हे ‘पॅकेज-डेटा’ आणि ‘इन्क्लूड-पॅकेज-डेटा’ यांच्यावर अवलंबून. आमचं ‘डेटा’ फोल्डर पॅकेजच्या बाहेर, रेपोच्या मुळाशी होतं. त्यामुळे ते एसडिस्टमध्ये दिसत होतं आणि व्हीलमध्ये नव्हतं. मी एसडिस्ट बघून निर्धास्त झालो होतो. तक्ते पॅकेजच्या आत हलवले, वाचायला ‘इम्पोर्टलिब.रिसोर्सेस’ वापरलं, प्रश्न मिटला.

हॅचलिंग या दुसऱ्या बांधणीच्या साधनाची खोड वेगळी. ते ‘.गिटइग्नोर’ (गिटने वगळायच्या फाइलींची यादी) पाळतं. बिल्डच्या वेळी तयार होणारी फाइल, म्हणजे आवृत्तीची फाइल किंवा सायथनने काढलेली सी फाइल, तुम्ही शहाणपणाने इग्नोर केलेली असते आणि मग ती पॅकेजमधूनही गायब होते. ‘आर्टिफॅक्ट्स’ या सेटिंगमध्ये तिचं नाव घालावं लागतं.

अजून दोन बारीक गोष्टी, दोन्ही अंगावर आलेल्या. ‘पायथन -एम बिल्ड’ नुसतं दिलं तर ते आधी एसडिस्ट बांधतं आणि त्या एसडिस्टमधून व्हील बांधतं. म्हणजे एसडिस्टमध्ये हेडर फाइल राहून गेली असेल तर तिथेच आपटतं, घरच्या घरी. पण तुम्ही ‘--एसडिस्ट --व्हील’ असे दोन्ही पर्याय हाताने दिलेत, तर दोन्ही थेट रेपोमधून बांधले जातात आणि ही फुकटची तपासणी बुडते. आमच्या वर्कफ्लोमध्ये (सीआयच्या पायऱ्यांच्या फाइलीत) कुणीतरी, बहुधा मीच, स्पष्टतेसाठी दोन्ही लिहून ठेवले होते.

दुसरी गोष्ट जुन्या ‘बिल्ड’ फोल्डरची. सेटअपटूल्स ते पुन्हा वापरतं. सहा महिन्यांपूर्वी काढून टाकलेलं मॉड्यूल त्यात पडून असतं आणि गुपचूप नव्या व्हीलमध्ये बसून जातं. बांधण्याआधी ‘बिल्ड’, ‘डिस्ट’ आणि ‘.एग-इन्फो’ तिन्ही उडवा.

आवृत्ती ०.१.डेव्ह१ कुठून आली?

१.४ ची गोष्ट. आवृत्तीचा आकडा आम्ही गिट टॅगवरून काढतो, सेटअपटूल्स-एससीएम लावून. माझ्या मशीनवर १.४.० यायचं. सीआयवर बांधलं तर फाइलीच्या नावात ०.१.डेव्ह१ आणि पुढे अधिक चिन्ह लावून कमिटची शेपटी. पायपीआयने ४०० चा एरर देऊन परत पाठवलं: लोकल आवृत्ती चालणार नाही. हा नियम पेप ४४० मधला आहे (पेप म्हणजे पायथनचे क्रमांक दिलेले प्रस्ताव-दस्तऐवज). अधिक चिन्हापुढचा भाग स्थानिक बिल्डसाठी, सार्वजनिक भांडारात त्याला जागा नाही. खरं तर नाकारलं हे बरंच झालं.

गिटहब ॲक्शन्समधली (आमचं सीआय) चेकआउट पायरी मुळात फक्त शेवटचं एक कमिट आणते. ‘फेच-डेप्थ’ची ठरलेली किंमत १ असते. इतिहास नाही, म्हणून मागचा टॅग नाही, म्हणून आकडा शून्यापासून सुरू. ती किंमत ० करा, संपूर्ण इतिहास येतो.

त्यानंतरही आकड्याला ‘डी’ने सुरू होणारी तारखेची शेपटी लागत असेल, तर वर्किंग ट्री अस्वच्छ आहे. बांधण्याआधीची एखादी पायरी गिटमध्ये असलेली फाइल बदलते आहे. आमच्याकडे फॉरमॅटर ते करत होता. बिल्डच्या आधी ‘गिट स्टेटस’ छापणारी एक ओळ टाकली की लगेच सापडतं. शिवाय आता टॅगचं नाव आणि व्हीलच्या नावातला आकडा जुळत नसेल तर वर्कफ्लो तिथेच थांबतो. तीन ओळींची स्क्रिप्ट आहे, पण सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली.

माझी खरी घोडचूक मात्र पुढची. अपलोड फसलं म्हणून वर्कफ्लो सुधारला, जुना टॅग पुसला आणि तोच टॅग नव्या कमिटवर लावला. पायपीआयवर काहीच चढलं नव्हतं, म्हटलं काय बिघडतंय. पण मी उत्साहाच्या भरात कोंडा-फोर्जची (कोंडाचं सामुदायिक भांडार) रेसिपी, म्हणजे पॅकेज कसं बांधायचं ते सांगणारी फाइल, आधीच बदलली होती आणि तिच्यातला शा-२५६ (फाइल तीच आहे ना हे पडताळायची बेरीज) जुन्या टॅगच्या टारचा होता. टॅग हलला, टार बदललं, बेरीज जुळेना. एकदा बाहेर गेलेला टॅग हलवू नका. १.४.१ काढा. आकडे फुकट आहेत.

चढलेली फाइल परत घेता येत नाही

पायपीआयवर एकदा वापरलेलं फाइलीचं नाव पुन्हा वापरता येत नाही. फाइल डिलीट केली तरी नाही. ‘फाइल ऑलरेडी एक्झिस्ट्स’ असा एरर आला की डिलीट करून पुन्हा चढवण्याचा मोह होतो. करू नका. नाव मोकळं होत नाही, आणि ज्यांनी ती आवृत्ती पिन केली होती (नेमका तोच आकडा लिहून ठेवला होता) त्यांचं बिल्ड मात्र मोडतं.

त्यासाठी यँक आहे, पेप ५९२ पासून. यँक केलेली आवृत्ती पिप स्वतःहून उचलत नाही, पण कुणी बरोबर तोच आकडा मागितला असेल तर देतो. तुटलेलं रिलीज यँक करा, पुढचा आकडा काढा, यँकच्या कारणात एक वाक्य लिहा.

क्रमाचंही बघा. अपलोड झालेली फाइल त्याच क्षणी सगळ्यांना दिसते. लिनक्सचं व्हील आणि एसडिस्ट चढलं, विंडोजचं व्हील अजून बांधलं जातंय, अशा मधल्या वीस मिनिटांत विंडोजवाला पिपला विचारतो तेव्हा पिप नवीन आवृत्तीचा एसडिस्ट उचलतो आणि कंपायलर मागायला लागतो. म्हणून सगळी व्हील आधी गोळा करायची आणि शेवटी एकाच जॉबमध्ये सगळं मिळून चढवायचं.

कंपाइल केलेल्या गाभ्याची दुखणी

शुद्ध पायथनची लायब्ररी असेल तर हा भाग सोडून द्या. सी, सी++, फोरट्रान किंवा सायथन असेल तर खरी गंमत इथे आहे.

लिनक्सवर तुमच्या मशीनवर बांधलेल्या व्हीलचा टॅग ‘लिनक्स_एक्स८६_६४’ असतो आणि पायपीआय तो घेतच नाही. बरोबरच आहे: तुमच्या ताज्या लिनक्सवरची ग्लिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) जुन्या क्लस्टरवर, म्हणजे संशोधनाच्या सामायिक संगणकांवर, नसते. विज्ञानाची लायब्ररी शेवटी क्लस्टरवरच चालते आणि तिथलं लिनक्स वर्षानुवर्षं बदलत नाही. त्यासाठी मेनीलिनक्सचे टॅग आहेत. मेनीलिनक्स२०१४ हा सेंटओएस ७ वर, म्हणजे ग्लिबसी २.१७ वर बेतलेला आहे, मेनीलिनक्स_२_२८ हा अल्मालिनक्स ८ वर. त्या कंटेनरमध्ये बांधायचं आणि मग ‘ऑडिटव्हील रिपेअर’ चालवायचं. ते बाहेरच्या सो-फाइली (लिनक्सवरच्या डीएलएलसारख्या) व्हीलच्या आत आणतं आणि टॅग बदलतं. नुसतं फाइलीचं नाव बदलून मेनीलिनक्स लिहिणारेही भेटले आहेत. अपलोड होतं. समोरच्याकडे मात्र ‘ग्लिबसी_२.३४ नॉट फाउंड’.

मॅकवर हेच काम डेलोकेट करतं, विंडोजवर डेल्व्हव्हील. आमच्या १.३ मध्ये लिनक्स आणि मॅकची दुरुस्ती सीआयबिल्डव्हीलने (सीआयमध्ये सगळ्या प्लॅटफॉर्मची व्हील बांधणारं साधन) आपोआप केली, विंडोजची पायरी आम्हाला स्वतः लिहायची होती आणि ती लिहिलीच नव्हती. चाचणी मात्र पास झाली, कारण बिल्डच्या मशीनवर ती डीएलएल पायथनच्या शेजारीच पडलेली होती. वापरणाऱ्याकडे ‘डीएलएल लोड फेल्ड’. त्याने बिचाऱ्याने ती डीएलएल शोधून पाथमध्ये घातली, तरी चालेना. पायथन ३.८ पासून विंडोजवर एक्स्टेन्शनच्या (कंपाइल केलेल्या मॉड्यूलच्या) डीएलएल शोधताना पाथ बघितला जात नाही. त्याला काय सांगणार!

मग नमपाय, म्हणजे आकड्यांच्या गणिताची लायब्ररी, जिच्यावर असा गाभा बांधला जातो. हा संदेश कधी ना कधी दिसतोच: ‘नमपाय.डीटाइप साइज चेंज्ड, एक्सपेक्टेड ९६ फ्रॉम सी हेडर, गॉट ८८ फ्रॉम पायऑब्जेक्ट.’ तो वाचायची रीत अशी की हेडरचा आकडा बांधतानाच्या नमपायचा आणि पायऑब्जेक्टचा आकडा आत्ता चालू असलेल्या नमपायचा. ९६ आणि ८८ ही जोडी म्हणजे १.एक्सवर बांधलेलं व्हील २.एक्सवर चालवलं जातंय. नमपाय २.० जून २०२४ मध्ये आलं तेव्हा अशा इश्यूंचा पूर आला होता.

नमपाय १.एक्सवर बांधलेलं २ वर चालत नाही, पण २.० किंवा पुढच्यावर बांधलेलं जुन्या १.एक्सवरही चालतं. म्हणून पायप्रोजेक्ट.टॉमलमध्ये (पॅकेजची माहिती आणि बांधणी लिहायची फाइल) बिल्डच्या गरजांत नमपाय २.० किंवा अधिक लिहा. पूर्वी उलट, सगळ्यात जुनं नमपाय घेऊन बांधायची पद्धत होती आणि त्यासाठी वेगळं मेटापॅकेज होतं. जुन्या पोस्ट वाचून ते अजून कुणी लावत असेल तर काढून टाका. आणि रिलीजचं व्हील ‘नो-बिल्ड-आयसोलेशन’ लावून कधीही बांधू नका, नाहीतर तुमच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये पडलेलं जे काही नमपाय असेल ते त्यात शिरतं.

चाचणीत तेच व्हील दोनदा लावतो: एकदा आम्ही चालेल म्हणतो त्या सगळ्यात जुन्या नमपायवर, एकदा सगळ्यात नव्यावर. मधल्या आवृत्त्यांच्या वाटेला मी जात नाही.

दिशाभूल करणारा एक एरर

‘मेटाडेटा इज मिसिंग रिक्वायर्ड फील्ड्स: नेम, व्हर्जन.’ हा ट्वाइनने (पायपीआयवर फाइली चढवणारं साधन) दिला आणि माझी अख्खी दुपार गेली. पायप्रोजेक्ट.टॉमलमध्ये नाव होतं, आवृत्ती होती, व्हीलमधल्या मेटाडेटा फाइलीतही दोन्ही होतं. मी स्पेस आणि टॅब मोजत बसलो.

गोम पहिल्याच ओळीत होती: मेटाडेटा-व्हर्जन २.४. परवान्याची माहिती लिहायची नवी पद्धत, पेप ६३९, नव्या सेटअपटूल्सने उचलली आणि त्यासोबत मेटाडेटाचा आकडा चढला. सीआयमधलं ट्वाइन जुनं होतं. त्याला २.४ वाचता येईना, म्हणून त्याने नावच नाही असं ठोकून दिलं. ट्वाइन अद्ययावत केलं आणि संपलं. बिल्डची साधनं सीआयमध्ये ताजी आणि अपलोडची साधनं पिन केलेली, ही जोडी नेहमीच त्रास देते.

लॉगिन

थोडक्यात. १ जानेवारी २०२४ पासून पायपीआयवर टू-फॅक्टर सक्तीचं आहे, अपलोडला पासवर्ड चालत नाही. ४०३ आला तर बघा: युजरनेम ‘__टोकन__’ हेच हवं, तुमचं नाव नव्हे. त्यापेक्षा ट्रस्टेड पब्लिशिंग लावा (नोंदवलेल्या वर्कफ्लोवर पायपीआय थेट विश्वास ठेवतं), २०२३ पासून आहे, टोकन सांभाळायची कटकटच जाते. त्यात ‘इनव्हॅलिड-पब्लिशर’ आला तर पायपीआयवर नोंदवलेलं वर्कफ्लो फाइलीचं नाव आणि एन्व्हायर्नमेंटचं नाव अक्षरशः जुळवून बघा. कुणीतरी ‘रिलीज’ची ‘पब्लिश’ केलेली असते. जॉबला ‘आयडी-टोकन: राइट’ परवानगीही लागते.

कोंडा-फोर्जकडची बाजू

पायपीआयवर नवी आवृत्ती आली की कोंडा-फोर्जचा बॉट फीडस्टॉकवर (तुमची रेसिपी ठेवलेल्या रेपोवर) पुल रिक्वेस्ट उघडतो. आकडा आणि शा-२५६ बदलतो. सीआय हिरवं होतं आणि आपण डोळे मिटून मर्ज करतो. तुम्ही या रिलीजमध्ये नवी डिपेंडन्सी (आपल्याला लागणारी दुसरी लायब्ररी) घातली असेल, तर ती रेसिपीत आपोआप येईलच असं धरू नका. नुसती इम्पोर्टची चाचणी असेल आणि ती डिपेंडन्सी एखाद्या फंक्शनच्या आत इम्पोर्ट होत असेल, तर काहीच ओरडणार नाही. रेसिपीच्या चाचण्यांत ‘पिप चेक’ घाला. मेटाडेटात लिहिलेलं आणि एन्व्हायर्नमेंटमध्ये असलेलं जुळत नसेल तर ते तिथेच पकडतं.

रेसिपीचा सोर्स पायपीआयवरच्या एसडिस्टचा द्या, गिटहब टॅगवरून आपोआप काढतं त्या टारचा नको. ती फाइल मागणीनुसार तयार होते, तिचे बाइट कायम तेच राहतील असं गृहीत धरता येत नाही. ३० जानेवारी २०२३ रोजी गिटहबवर गिटची नवी आवृत्ती बसली, दाबण्याची पद्धत किंचित बदलली आणि आतला मजकूर तोच असूनही जगभर बेरजा जुळेनाशा झाल्या. तो बदल त्याच दिवशी मागे घेतला गेला. शिवाय त्या टारमध्ये गिटचा इतिहास नसतो, म्हणजे टॅगवरून आकडा काढणारी साधनं तिथे आंधळी होतात.

रेसिपीत चूक झाली आणि कोड तोच आहे, तर आवृत्ती नको, बिल्ड नंबर वाढवा. परवान्याची फाइल एसडिस्टमध्ये आहे ना हेही बघा, कोंडा-फोर्जला ती लागते आणि रिव्ह्यू करणारे सोडत नाहीत.

टेस्टपायपीआयबद्दल

माझं मत जरा वेगळं आहे. टेस्टपायपीआय ही पायपीआयची सरावासाठीची प्रत: वेगळं खातं, वेगळं भांडार. रीडमी नीट दिसतं का आणि लॉगिन चालतं का, एवढ्यापुरतं छान. इन्स्टॉल तपासायला मात्र गैरसोयीचं, कारण तुमच्या डिपेंडन्सी तिथे नसतात, किंवा कुणीतरी सराव म्हणून त्याच नावाचं भलतंच काही चढवलेलं असतं. दोन इंडेक्स (भांडारं) एकत्र जोडले तर पिप दोन्हींतून जे नवं दिसेल ते उचलतो. वापरायचंच तर ‘नो-डेप्स’ (डिपेंडन्सी आणू नको) लावून.

मी सरळ खऱ्या पायपीआयवर ‘आरसी१’, म्हणजे रिलीजआधीची चाचणी आवृत्ती, चढवतो. पिप प्री-रिलीज आवृत्त्या मागितल्याशिवाय देत नाही, त्यामुळे सामान्य वापरणाऱ्याला धक्का लागत नाही, आणि दोन-तीन ओळखीच्या संशोधकांना त्यांच्या क्लस्टरवर ‘--प्री’ लावून बघायला सांगता येतं. १.५ च्या वेळी ‘आरसी१’मध्येच एकाच्या जुन्या नोडवर ग्लिबसीचा एरर आला. मी कंटेनर २_२८ चा घेतला होता, त्याला २०१४ चा हवा होता. ‘आरसी२’ काढली, मग १.५.०.

अल्पाइन (कंटेनरमध्ये वापरतात ते छोटं लिनक्स) वाल्यांचा इश्यू अजून उघडा आहे. तिथे ग्लिबसी नसते, मसल ही दुसरी सी लायब्ररी असते, त्यामुळे मेनीलिनक्सचं व्हील पिप बघतच नाही आणि एसडिस्टवर येतो. मसललिनक्सचं व्हील बांधून होईपर्यंत त्यांनी कंटेनरमध्ये सी कंपायलर आणि पायथनच्या हेडर फाइली आधी टाकून घ्याव्यात, मग इन्स्टॉल करावं.